पुडीतली साल आणि बाकीची पत्रं

संपादकांकडून पत्रांचा गठ्ठा आला, त्यातल्या एका पाकिटातून वर्तमानपत्राच्या कागदाची पुडी निघाली. वाटलं, कुणी अंगारा पाठवला. उघडून पाहते तर तळपायाची साल! रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी, पिवळसर, कडेनं वळलेली. यवतमाळ जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये 29 वर्षं काढलेल्या बाईला अशानं काही होत नाही. पण सुनेनं ती पुडी घरात ठेवू दिली नाही. शेवटी अंगणात बाजेवर बसून नातवाच्या भिंगातून पाहिली.

या खेपेला बरीचशी पत्रं कातडीचीच आहेत. दिवाळी आटोपली, हवा कोरडी झाली, कापसाची वेचणी भरात आली की दवाखान्यातही हेच चालायचं. म्हणून गुडघेवाल्यांनी आणि पित्तवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत दम धरावा.

साल पाठवणारे शेतकरी, ता. दारव्हा

*"डॉक्टरबाई, दरसाली रब्बीचं ओलीत सुरू झालं की तळपायाची साल निघते. पाहता यावी म्हणून सोबत पाठवली. हा काही रोग हाये का? आन् दरसाली इतकी निघते तर खाली उरते किती?"*

दादा, तुमची साल मी नीट पाहिली. उन्हाकडे धरली तर तिच्यात बारीक रेघा दिसतात, नांगरलेल्या वावरासारख्या. त्या रेघांचं पुढच्या पत्रात सांगते, कारण तिथं त्यांच्यावरून भांडण झालेलं आहे.

तुम्ही पाठवलेली वस्तू मेलेली आहे, आणि ती मेलेलीच असायला पाहिजे. डोळे सोडले तर माणसाच्या अंगावर बाहेरून जे दिसतं ते जवळपास सगळं मेलेलं असतं. जिवंत कातडी आपल्याला कधी दिसते? खरचटल्यावर किंवा भाजल्यावर जी ओली, गुलाबी दिसते ती. कातडीचे मोठे थर तीन. सगळ्यात खाली चरबी, ती गादीचं आणि गोधडीचं काम करते. तिच्यावर अंतस्त्वचा. चपलेचं चामडं म्हणजे जनावराच्या याच थराला कमावलेलं असतं. चिवट धाग्यांची दाट वीण, आणि त्या विणीत रक्तवाहिन्या, नसांची टोकं, घामाच्या ग्रंथी, केसांची मुळं. तिच्यावर बाह्यत्वचा. हिच्यात रक्तवाहिनी एकही नाही, म्हणून तुमची साल निघाली तरी रक्ताचा थेंब आला नाही.

बाह्यत्वचेच्या तळाशी नव्या पेशी सारख्या जन्मतात आणि आधीच्यांना वर ढकलतात. वर सरकता सरकता त्या पेशीत केराटिन भरत जातं. बैलाचं शिंग आणि आपलं नख ज्याचं असतं तेच हे द्रव्य. पेशी चपटी होते, तिचं केंद्रक जातं, ती मरते आणि सगळ्यात वरच्या थरात येऊन बसते. आमच्या माहेरी कवेलूंचं, म्हणजे कौलांचं, घर होतं. एका कवेलूवर दुसरं, सांध्यावर तिसरं. तसंच हे, फक्त इथं हाताच्या कातडीवरसुद्धा एकावर एक 15 ते 20 थर असतात, तळव्यावर त्याहून पुष्कळ जास्त. आणि दोन कवेलूंमधल्या फटीत चरबीजातीचं लिंपण असतं. पाणी बाहेरून आत जात नाही आणि आतलं बाहेर उडून जात नाही, ते या लिंपणामुळे. हे लिंपण ध्यानात ठेवा, वणीच्या पत्रात ते लागणार आहे.

तळाशी जन्मलेली पेशी वर येऊन गळून पडेपर्यंत साधारण चार ते सहा आठवडे जातात. म्हणजे तुम्ही दसऱ्याला जी कातडी घालून सोनं वाटलं, ती आता अंगावर नाही. सगळ्यांचीच साल रोज निघते, पण पिठासारखी बारीक, म्हणून दिसत नाही. तुम्ही रात्री लाईन आली की ओलितावर जाता, दोन-तीन तास पाण्यात उभे राहता, मग दिवसभर पाय कोरड्या वाऱ्यात. वरचा थर फुगतो, सुकतो, पुन्हा फुगतो आणि एका तुकड्यानं सुटतो. खाज नाही, वास नाही, भेग नाही, तर हा रोग नाही. खाली किती उरते? पापणीवरची बाह्यत्वचा मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकी पातळ असते आणि तळव्यावरची दीड मिलिमीटरच्या आसपास. तुम्ही पापणीची साल पाठवली असती तर मला काळजी वाटली असती!

बोटांच्या बेचक्यात पांढरं, ओलसर, वास मारणारं असेल तर मात्र त्या चिखल्या, म्हणजे बुरशी. त्यावर मलम लागतं आणि पाय पुसून कोरडे ठेवावे लागतात. आणि साल सुटली नसेल तिथं ब्लेड लावू नका. शुगर असलेल्यांनी तर अजिबातच नाही. एका भेगेपायी पाय गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

एक वाचक भगिनी, ता. राळेगाव

*"मॅडम, राशनच्या दुकानात माहा अंगठा मशीनवर उमटत नाई. तीन चकरा झाल्या. दुकानदार म्हणते, तुमचा अंगठाच घासला, मी काय करू. घरी सासू म्हणते, अंगठा घासला म्हणजे नशिबाची रेघच गेली. मी दिवसाला दीड मण कापूस वेचते. सांगजा, अंगठा परत येईन काय?"*

येईल. सासूबाईंना सांगा, नशिबाची रेघ तळहातावर असते असं म्हणतात, अंगठ्यावर नाही. त्यांच्याच शास्त्रानं त्या चुकल्या.

आता खरं काय ते. अंगठ्यावरची नक्षी वरच्या सालीवर काढलेली नसते. ती खालून येते. अंतस्त्वचा जिथं बाह्यत्वचेला भिडते तिथं बारीक उंचवटे असतात, दोन्ही थर एकमेकांत दातऱ्यासारखे अडकलेले असतात. त्यामुळेच वरचा थर खालच्यावरून सरकून निघत नाही. ते उंचवटे तळहात-तळव्यावर रांगांनी बसलेले असतात, आणि वर दिसतात त्या रेघा म्हणजे त्या रांगांची सावली. ही मांडणी पोटात असतानाच, पाचव्या-सहाव्या महिन्यापर्यंत ठरून जाते. वरचं घासलं तरी खालची मांडणी तीच, म्हणून नवी साल आली की तीच नक्षी परत उमटते. खोल भाजलं किंवा विळा अंतस्त्वचेपर्यंत गेला, तरच व्रण राहतो.

या नक्षीवरून माणूस ओळखायचं काम आपल्या देशाला नवं नाही. कलकत्त्यात 1897 मध्ये अंगठ्यांच्या ठशांचं कार्यालय सुरू झालं. लाखो ठशांतून एक ठसा चटकन सापडावा अशी वर्गवारी बसवण्यात अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन आपल्या माणसांचा मोठा वाटा होता. पद्धतीला नाव मात्र त्यांच्या इंग्रज साहेबाचं लागलं. ती सगळी खटपट चोर धरायला होती. त्याच अंगठ्यावर एक दिवस घरचे गहू-तांदूळ अडकतील, हे त्या दोघांच्या मनातही आलं नसेल.

तुमचा अंगठा का घासतो ते मला पुस्तकात पाहावं लागत नाही. सीतादही, म्हणजे वेचणीच्या सुरुवातीची पूजा, झाली की माझी आई ओटी बांधून वावरात शिरायची. पऱ्हाटीच्या सुकलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात. तीन बोटांनी कापूस ओढायचा, टोक लागायचं, पुन्हा ओढायचा. दिवसातून हजारदा. मार्गशीर्ष लागेस्तोवर आईची बोटं काथ्यासारखी व्हायची, आमच्या गालावरून हात फिरवला की बोचायचं. त्यात आणखी एक अडचण. आपल्या कातडीला वंगण देणाऱ्या तेलग्रंथी चेहऱ्यावर, डोक्यावर, पाठीवर पुष्कळ असतात, तळहात-तळव्यावर एकही नसते. तिथं फक्त घाम. म्हणजे जिथं सगळ्यात जास्त घासतं, तिथं घरचं तेल नाही, वरून लावावं लागतं. आणि वेचून आल्यावर आपण हात कशानं धुतो? कपड्याच्या वडीनं. चांगल्या कातडीवर हलकासा आंबटपणा असतो, जंतूंना तो मानवत नाही. ती वडी तो आंबटपणाही काढते आणि कवेलूंमधलं लिंपणही.

करायचं असं. रात्री भांडी झाली की हात कोमट पाण्यात पाच मिनिटं बुडवा, टिपा, आणि ओलसर असतानाच खोबरेल नाहीतर व्हॅसलिन चोळा. मोहाच्या बियांचं तेल मिळत असेल तर तेही चालतं. वर जुने मोजे घालून झोपा. मुलं हसतील, हसू द्या. राशनला जायच्या आदल्या दोन दिवशी त्या अंगठ्याला बोंडापासून वाचवा, चिंधी गुंडाळा. दुकानात जाताना तेल पूर्ण पुसून, हात स्वच्छ धुऊन, किंचित दमट ठेवून अंगठा दाबा. कोरडा ठणठणीत अंगठा मशीन वाचत नाही. तरी नाही झालं तर दहाही बोटं लावून पाहायचा हक्क तुम्हाला आहे. करंगळी आणि अनामिका वेचताना कमी घासतात, त्या बहुधा उमटतात. काही दुकानांत डोळ्याच्या बुबुळाचं यंत्र असतं, मोबाईल जोडलेला असेल तर ओटीपीही चालतो. आधार केंद्रावर जाऊन ठसे नव्यानं घेता येतात, पण वेचणी संपल्यावर जा. आत्ता गेलात तर घासलेलेच ठसे नोंदले जातील.

आणि दुकानदारानं "मी काय करू" म्हटलं, तर हा अंक त्याच्या काउंटरवर ठेवा.

आठवीतली एक विद्यार्थिनी, ता. झरी जामणी

*"आमच्या सरांनी सांगितले की त्वचा दर महिन्याला नवीन होते. मग माझ्या आजीच्या हातावरचे गोंदण साठ वर्षे झाली तरी का जात नाही?"*

शाब्बास गं पोरी! हा प्रश्न सरांना वर्गात विचारलास की नाही?

सर बरोबर आहेत आणि आजीचं गोंदणही बरोबर आहे. दर महिन्याला बदलते ती बाह्यत्वचा. गोंदणारीनं सुई खुपसली ती तिच्या पार खाली, अंतस्त्वचेत. शाई वरच्या थरात राहिली असती तर पोळ्याला गोंदलेलं दसऱ्यापर्यंत गळालं असतं.

पण यात आणखी मजा आहे. अंतस्त्वचेत भक्षक पेशी असतात, त्यांचं काम आत आलेली घाण गिळायचं. सुईनं जखम झाली, शाईचे कण आले, या पेशी धावल्या आणि कण गिळले. पण ते त्यांना पचत नाहीत. पोटात घेऊन त्या तिथंच बसून राहतात. आजीच्या हातावर तुला हिरवट-निळं दिसतं ते या पेशींच्या पोटात. मग त्या पेशी साठ वर्षं जगतात का? 2018 मध्ये फ्रान्समधल्या मार्सेय शहरातल्या संशोधकांनी उंदरांवर हे तपासलं. जुनी पेशी मेली की शाई बाहेर पडते आणि शेजारी आलेली नवी पेशी ती लगेच उचलते. घागर एकीच्या डोक्यावरून दुसरीच्या डोक्यावर. हळूहळू थोडे कण निसटतात, म्हणून आजीच्या गोंदणाच्या कडा फिसकटल्या असतील. जवळून बघ आणि मला लिही.

एक तरुण शेतकरी, ता. वणी

*"मॅडम, मी तोंडाला रुमाल बांधून फवारणी केली. औषध तोंडात गेलं नाही, डोळ्यात गेलं नाही. तरी संध्याकाळी मळमळ, चक्कर, तोंडाला पाणी सुटलं, हातपाय थरथरले. दोन दिवस दवाखान्यात होतो. कातडी तर वाटरप्रूफ असते ना? मग आत गेलं कुठून?"*

कातडीतूनच गेलं, भाऊ. आणि तुमचं पत्र मला सगळ्यात आधी छापायचं होतं, पण लिंपणाची गोष्ट आधी सांगितल्याशिवाय हे उत्तर उमगलं नसतं.

2017 चा हंगाम आपल्या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. फवारणी करता करता शेकडो शेतकरी-शेतमजूर दवाखान्यात भरती झाले आणि 20 हून अधिक माणसं गेली. तेव्हा मी नोकरीत होते. खाटेवर पडलेला जो तो हेच सांगायचा, "बाई, म्या पेलो नाई जी." पोलीसही तोच प्रश्न करायचे, नातेवाईकही तेच शपथेवर सांगायचे. प्यायला नाही, म्हणजे विष आत गेलंच नाही, असा सगळ्यांचा हिशोब.

कातडी पाण्याला अडवते हे खरं. पण पाण्याला अडवते कोण? ते चरबीचं लिंपण. आणि चरबीत जे विरघळतं त्याला ती चरबी कशी अडवणार? भिंतीत दार असावं तसं ते त्यातून चालत जातं. बरीचशी कीटकनाशकं मुळातच अशी बनवलेली असतात की किड्याच्या अंगावरच्या मेणातून ती आत शिरावीत. त्यांतली कितीतरी तेलकट द्रावणात येतात, म्हणून पाण्यात टाकली की पंपातलं पाणी दुधासारखं पांढरं होतं. किड्याच्या मेणातून जे जातं ते आपल्या लिंपणातूनही जातं. फक्त आपण मोठे आहोत, म्हणून वेळ लागतो.

अंगावरची सगळी कातडी पसरली तर दीड ते दोन चौरस मीटर भरते, साडीचा साधारण तिसरा हिस्सा. रुमालानं तुम्ही त्यातलं किती झाकलं? पाठीवरच्या पंपाचं झाकण झिरपतं, कण्यावरून ओघळ थेट चड्डीत उतरतो. आणि जांघेतली कातडी पुष्कळ पातळ. हातावरून जितकं आत शिरतं त्याच्या कित्येक पट तिथून शिरतं. पऱ्हाटी छातीला लागली असेल तर ओल्या पानांतून चालताना मांड्या भिजतातच. सप्टेंबरचं ऊन, घाम, घामानं कवेलू फुगलेले, बोटांवर ओरखडे. वर भिजलेला सदरा अंगाला चिकटलेला. औषधाची पट्टी बांधून ठेवल्यासारखंच ते. कातडीची आग झाली असती तर तुम्ही थांबला असता. पण ही औषधं शिरताना बहुधा ना चटका देत, ना खाज.

आत गेल्यावर यातली एक मोठी जात नसांचा निरोप संपवणारं द्रव्य बंद पाडते. निरोप एकदा दिला की संपायला पाहिजे, तो संपतच नाही. म्हणून लाळ वाहते, घाम फुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, स्नायू फडफडतात, श्वास अडकतो. तुमची थरथर त्यातलीच.

माझ्या स्वतःच्या धाकट्या भावाची गोष्ट सांगते, कारण डॉक्टरच्या घरी तरी शहाणपण असेल असं तुम्हाला वाटेल. फवारून आला, हातपाय धुतले, जेवला. सदरा खुंटीला टांगला, "उद्या पुन्हा तोच मळवायचा" म्हणून. दुसऱ्या दिवशी तोच घातला. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी धुऱ्यावर ओकत बसला. पंपापेक्षा त्या सदऱ्यानं त्याला जास्त पाजलं होतं. वाचला. पण अॅट्रोपिनची, म्हणजे या विषावरच्या उताऱ्याची, सुई मला माझ्या भावाला माझ्या हातानं टोचावी लागली.

तेव्हा रुमाल बांधाच, पण त्याआधी पंपाचं झाकण आणि वायसर बदला. पाठीला प्लास्टिकचा कागद बांधा, खताच्या थैलीचा नको, जाड कोरा घ्या. पूर्ण बाह्या, फुलपँट, हातात रबरी मोजे. वारा पाठीमागे ठेवा आणि सकाळी लवकर आटपा. दुपारी ते सगळं अंगावर सहन होत नाही हे मला माहीत आहे, सल्ला देणाऱ्या साहेबांना नसेल. अंगावर सांडलं तर "एवढी ओळ मारून घेतो" म्हणू नका. तिथल्या तिथं कपडे उतरवा, साबण लावून भरपूर पाण्यानं धुवा, नखांच्या खाली, कानामागे, जांघेत. नुसत्या पाण्यानं तेलकट जात नाही, हे जेवलेलं ताट धुणाऱ्या कुणालाही विचारा. धुऱ्यावर साबण आणि पाण्याची कॅन नसेल तर फवारणी सुरूच करू नका. ते कपडे घरच्या कपड्यांत टाकू नका. आणि दवाखान्यात जाताना डबा नाहीतर त्यावरचं लेबल सोबत न्या. कोणतं औषध ते कळलं की डॉक्टरची अर्धी धावपळ वाचते.

एक वाचक, ता. मालेगाव, जि. वाशीम

*"आईने टाचेच्या भेगांना बिब्बा लावला. तिला काही झाले नाही. मला मात्र तिसऱ्या दिवशी तोंडावर सूज आणि हातावर पाण्याचे फोड. मी बिब्ब्याला हातही लावला नव्हता."*

बिब्बा आईनं लावला, उतला तुम्हाला. आमच्याकडेही ऐकायला मिळतं हे. बिब्ब्याच्या चिकातही चरबीत विरघळणारं द्रव्य असतं, तेही लिंपणातून सरळ आत जातं. पण पुढचा प्रकार वेगळा. बाह्यत्वचेत फांद्या पसरलेल्या पहारेकरी पेशी असतात. 1868 मध्ये बर्लिनमध्ये शिकत असलेल्या पाउल लांगरहान्स नावाच्या पोरानं त्या पहिल्यांदा पाहिल्या. त्याला वाटलं नसा आहेत, नाव मात्र त्याचंच राहिलं. या पेशी परकी वस्तू पकडतात, काखेतल्या-मानेतल्या गाठींपर्यंत नेऊन तिथल्या लढणाऱ्या पेशींना दाखवतात, आणि शरीर ती ओळख जपून ठेवतं. पहिल्यांदा काही होत नाही. पुढच्या खेपेला तोच चीक आला की एक-दोन दिवसांत फौज येते, आणि फोड त्या फौजेनं येतात. कधीतरी लहानपणी तुमच्या अंगाला बिब्बा लागलेला असणार. यंदा आईनं हात लावलेला पाटा, दाराची कडी, टॉवेल, काहीतरी तुमच्या हाताला लागलं. आईच्या शरीरानं ती ओळख धरली नाही, एवढाच फरक. बिब्बे फोडून गोडंबी काढणाऱ्या बायांचे हात पाहा म्हणजे हा चीक काय चीज आहे ते कळेल.

फोड फोडू नका, थंड पाण्याची पट्टी ठेवा, तोंडावर सूज आहे तर डॉक्टरला दाखवा. आंब्याचा चीक आणि काजूच्या टरफलातलं तेल बिब्ब्याच्याच भाऊबंदकीतलं, तुम्ही तेही जपून हाताळा. आईच्या भेगांना रोज रात्री तेल आणि मोजे पुरे.

मुलीचे वडील, ता. आर्णी

*"मुलगी सावळी आहे, पाहुणे येणार आहेत. गोरं करणारी चांगली ट्यूब सुचवा."*

नाही सुचवत. रंग देणाऱ्या पेशी गोऱ्या माणसात आणि काळ्या माणसात जवळपास सारख्याच असतात. त्या किती आणि कसं मेलॅनिन बनवतात एवढाच फरक. ते मेलॅनिन उन्हाविरुद्ध पेशीच्या केंद्रकावर छत्री धरतं. 46 अंशांच्या मुलखात ती छत्री आहे हे तुमच्या मुलीचं भाग्य. दुकानात गोरेपणाच्या म्हणून मिळणाऱ्या कितीतरी ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं. कातडी पातळ होते, लाल होते, तोंडावर लव आणि पुटकुळ्या येतात, आणि सोडलं की आग होते. नायट्यावर हीच ट्यूब चोळून सगळ्या अंगभर नायटा पसरवून घेतलेली माणसं मी आठवड्याला पाहायची. पाहुण्यांना चहा पाजा.

नाव-पत्ता नसलेलं पत्र

*"दंडावर दोन वर्षांपासून फिकट चट्टा आहे. खाजत नाही, दुखत नाही. म्हणून दाखवले नाही. बायको मागे लागली म्हणून लिहितो."*

बायको बरोबर आहे. खाजत नाही, दुखत नाही, हेच मला खटकतं.

कातडीत लाखो नसांची टोकं आहेत. त्यांच्यामुळे चूल गरम आहे, काटा रुतला, माशी बसली हे कळतं. कुष्ठरोगाचा जंतू नेमका या नसांत घर करतो, आणि इतका सावकाश वाढतो की लागण झाल्यावर चट्टा दिसायला कित्येक वर्षं जातात. दुसरं काहीही असू शकतं, शिबं असतील, साधा कोरडेपणा असेल. पण घरी दोन गोष्टी पाहून घ्या. डोळे मिटा आणि बायकोला सरकी काढलेल्या कापसाचं टोक चट्ट्यावर आणि मग शेजारच्या चांगल्या कातडीवर टेकवायला सांगा. कुठं टेकवलं ते बोटानं दाखवा. दुसरं, वावरातून घामानं चिंब होऊन आलात की चट्टा पाहा. सगळा दंड ओला आणि तेवढाच भाग कोरडा असेल, तर तिथल्या नसा कामावर नाहीत. नसांचा हात कुठकुठवर असतो पाहा. पाण्यात बराच वेळ बोटं राहिली की सुरकुततात ना? नस तुटलेल्या बोटाला ती सुरकुती येत नाही.

आपल्या भागाला या रोगाची ओळख करून द्यायला नको. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी 1936 मध्ये काम सुरू केलं, अमरावतीत शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन उभं राहिलं, वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन. त्या काळी आजच्यासारखं औषध नव्हतं म्हणून वसाहती लागल्या. आज गोळ्या आहेत, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, सहा महिने किंवा वर्षभर घ्याव्या लागतात, आणि त्या सुरू झाल्या की थोड्याच दिवसांत दुसऱ्याला लागण होण्याची भीती उरत नाही. कुणाला घराबाहेर काढायचं काम नाही, भांडं वेगळं करायचं काम नाही. मेलेली नस मात्र परत येत नाही, म्हणून घाई.

पाकिटावरचा शिक्का पुसट आहे, गाव वाचता येत नाही. तुम्हाला वेगळं पत्र पाठवता येत नाही म्हणून इथं छापलं. हे घरात कुणी मोठ्यानं वाचत असेल तर वहिनींना ऐकू जाईल. वहिनी, यांच्या भरवशावर राहू नका. गावातल्या आशाताईंना गाठा आणि सोमवारी यांना घेऊन आरोग्य केंद्रात जा. वेचणीचा एक दिवस बुडेल, बुडू द्या.